धूळ बघायला आलेली पाहुणी

पीएचडी मिळाली तेव्हा आईने आळीत पेढे वाटले. पेढे तोंडात असतानाच लोक विचारू लागले, "मग आता पुढे काय?" मी म्हणायचे, "पोस्टडॉक." समोरचा गृहस्थ मान डोलवायचा आणि विषय बदलायचा. सत्तरच्या दशकातली भिवंडी ती. आमच्या निजामपुऱ्याच्या वस्तीत या शब्दाला कुठे गिऱ्हाईक असणार? शेवटी वडिलांनी सूत्रं हाती घेतली. ते मामलेदार कचेरीत हेडक्लार्क. त्यांनी आपल्या पद्धतीने सगळ्यांना समजावलं, "नेमणूक झाली तरी कायम व्हायच्या आधी प्रोबेशन असतं ना, तसं. फक्त हे प्रोबेशन आपलं आपण शोधायचं असतं." इतकी वर्षं झाली, पोस्टडॉकची याहून बरी व्याख्या अजून माझ्या कानावर आलेली नाही.

ते प्रोबेशन मला हवंच होतं. नुसतं हवं नव्हतं, त्याच्यावाचून माझं सगळंच अडलं होतं. प्रबंध पुरा झाला म्हणजे मुंबईच्या संशोधन संस्थेतली माझी खुर्ची गेली. यंत्रं परत करायची होती. कुठल्याशा कॉलेजात मुलांसमोर बेडूक कापून दाखवायची हंगामी नोकरी समोर दिसत होती. बेडकांशी माझं वैर नाही, पण मला माणसांच्या श्वासावर काम करायचं होतं, आणि तेही अर्ध्यावर सोडायचं नव्हतं.

काम कुठून सुरू झालं ते सांगते. आमचं घर आणि चाचांचा कारखाना यांच्यामध्ये एकच भिंत. भिवंडीत कारखाना म्हणजे काही धुराडं असलेली गिरणी नव्हे. एक लांबट खोली, तिच्यात दाटीवाटीने बसवलेले यंत्रमाग, म्हणजे आमचे लूम, कोपऱ्यात सुताच्या कांड्या भरायचं यंत्र, आणि वर पत्रा. चाचा माझे सख्खे कुणी नाहीत, पण जन्मापासून मी त्यांना चाचाच म्हणत आले. लुमांच्या खटाखटीतच मी वाढले. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी असायची, तेव्हा सगळं गाव गप्प व्हायचं आणि मला चुकल्या-चुकल्यासारखं वाटायचं. शनिवारी सकाळी लूम सुरू झाले की तासा-दोन तासांत भिंतीपलीकडून खोकला ऐकू यायचा. सोमवारी, मंगळवारी तो इतका नसायचा. शनिवारीच का? लहानपणी मी आईला विचारलं तर ती म्हणाली, "सुट्टीत विड्या जास्त ओढतात मेले."

पुढे कळलं की कापसाच्या धुळीने छाती आवळते, आणि एक दिवस सुट्टी घेऊन परत धुळीत गेलं की पहिल्या दिवशी जास्तच आवळते. पण पुस्तकं सांगायची, हे कताईच्या गिरण्यांत होतं. विणायच्या लुमांवर धूळ कमी, तिथे विशेष काही होत नाही. मला ते पटेना. ज्यांनी ती पुस्तकं लिहिली ते निजामपुऱ्यात राहिलेले नव्हते. मी चाचांच्या कारखान्यात हवा ओढणारा छोटा पंप लावला. त्याच्या तोंडाशी गाळणकागद असायचा, त्यावर बसलेली धूळ मुंबईला नेऊन तोलायची. कामगारांना श्वासाचा जोर मोजायच्या यंत्रात फुंकायला लावलं. नळी, तिला जोडलेला गोल डबा आणि डब्यावर काटा. त्या यंत्राला सगळे "फुंकणी" म्हणू लागले. शुक्रवारनंतर श्वास घटतो, लुमांवरही घटतो, एवढं माझ्या प्रबंधाने दाखवलं. तो का घटतो आणि ते कशाने थांबेल, हे राहिलंच होतं.

म्हणून मी परदेशी प्रयोगशाळांना अर्ज करायला बसले. अर्ज टाइप करायची जबाबदारी वडिलांनी अंगावर घेतली, साहेबांची परवानगी काढून, कचेरी सुटल्यावर. पहिला अर्ज मी वाचला आणि कपाळावर हात मारला. सुरुवातच "आय मोस्ट हम्बली बेग टु स्टेट" अशी, आणि शेवटी "फॉर विच ॲक्ट ऑफ काइंडनेस आय शॅल एव्हर प्रे". म्हणजे माझ्यावर एवढी मेहेरबानी कराल तर जन्मभर तुमच्यासाठी प्रार्थना करीन.

"बाबा, मी सरकारकडे तगाईचं कर्ज मागत नाहीये!" मी ओरडले.

"अर्ज तो अर्ज," वडील शांतपणे म्हणाले. "नमुना एकदा चुकला की वरचा माणूस पुढचं वाचतच नाही."

बरीच हुज्जत झाली. मी "हम्बली" काढलं, "बेग" काढलं, पण "एव्हर प्रे" त्यांनी हट्टाने ठेवलं. उत्तरं येऊ लागली आणि पोस्टमनच्या चेहऱ्यावरूनच मला ती कळू लागली. एकाकडे निधी नव्हता. एकाने कळवलं की हा प्रश्न सुटलेला आहे, तेव्हा दुसरा शोधावा. ते वाचून माझा इतका संताप झाला की मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. सुटलेला म्हणे! भिंतीला कान लावून बघा म्हणावं.

मग इंग्लंडहून एका प्राध्यापिकेचं उत्तर आलं, जेमतेम चार ओळींचं. एका परिषदेसाठी त्या मुंबईत येणार होत्या. त्यांच्याकडे एक जागा होती आणि त्या जागेसाठी अर्ज बरेच होते. कागदावरचे आकडे त्यांनी पाहिले होते, पण त्यांना कारखाना पाहायचा होता. तो पाहून काय ते ठरवू, असं त्यांनी लिहिलं होतं. मी ते उत्तर आईला वाचून दाखवलं, वडिलांना दाखवलं, मग भिंत ओलांडून चाचांना जाऊन सांगितलं. त्या दिवशी मला भूक लागली नाही की झोप लागली नाही, आणि तरीही इतकं बरं वाटत होतं की येणाऱ्या-जाणाऱ्याला उगाच "काय, कसं काय?" विचारत होते.

दिवस मी मुद्दाम शनिवारचा निवडला. सुट्टीनंतरचा पहिला दिवस, श्वास सर्वांत खाली जायचा दिवस. बाईंनी धूळ डोळ्यांनी पाहावी, पंप लावावा, कामगारांनी त्यांच्यासमोर फुंकावं, काटा खाली आलेला दिसावा, आणि माझं म्हणणं त्यांना जागच्या जागी पटावं, असा माझा बेत होता.

गुरुवारी मी चाचांना बजावलं. "चाचा, कुछ करना नहीं. रोज जैसा है वैसाच रहने दो. झाडू भी मत मारना."

चाचा हसले. "हाँ हाँ, कुछ नहीं करेंगे. तू फिकर मत कर."

त्या हसण्यावरूनच मी ओळखायला हवं होतं. आपल्याकडे "काही करू नका हं" हे वाक्य ज्याच्या त्याच्या तोंडी असतं आणि आजवर कुणी ते ऐकलेलं नाही. पाहुणा म्हणतो काही करू नका, यजमान म्हणतो छे छे, काहीच नाही, आणि आत कढई चढलेली असते. यात हिंदू-मुसलमान असा फरक नाही, निजामपुऱ्यात नाही आणि शेजारच्या दिघाशी गावातही नाही. "काही करू नका" म्हणजे आम्ही सभ्य माणसं आहोत, तुम्ही आपलं करा, एवढाच त्याचा अर्थ. मी आईलासुद्धा सांगितलं होतं की बाईंना फक्त चहा द्यायचा, आणि आई माझ्यासमोर पुरणाची डाळ निवडत "हो, फक्त चहा" म्हणाली होती. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

शुक्रवारी मी संस्थेतून पंप आणि फुंकणी उसनी आणायला मुंबईला गेले. परत आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. भिंतीपलीकडून पाण्याचा आवाज येत होता, बादल्या आपटत होत्या. चाचींनी सतरंज्या धुवायला काढल्या असतील, असं समजून मी कामाला लागले.

शनिवारी सकाळी कारखान्याच्या दारात पाऊल टाकलं आणि मी तिथेच थांबले. दाराला रंगीत सुताच्या लडींचं तोरण होतं. भिंतींना चुना काढलेला. वर्षानुवर्षं वाशांना लोंबणारी रुई, जिच्याबद्दल मी प्रबंधात एक अख्खं पान लिहिलं होतं, ती साफ गेली होती. लूम तेलाने पुसून चकचकीत केलेले आणि बंद. जमीन धुऊन ओली. मधोमध मंडपवाल्याकडची खुर्ची, तिच्यावर पांढरी चादर, शेजारी तिवईवर सरबताचे ग्लास, वर जाळीचा रुमाल. कामगार ईदचे कपडे घालून, अत्तर लावून रांगेत उभे. कांड्या भरणारी दिघाशीची मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून, डोक्यात अबोलीचा गजरा माळून आली होती. आणि हवा अशी स्वच्छ की एखाद्याने तिथे दवाखाना काढावा.

"चाचा," मी म्हणाले, आणि पुढे माझा आवाज चढला तो चढलाच. "ये क्या किया आपने? मैंने बोला था ना, झाडू भी मत मारना!"

चाचांचा चेहरा पडला. "अरे बेटी, समुंदर पार से मेहमान आ रही है. उसको रुई खिलाऊँ क्या?"

"उसको रुईच देखनी है चाचा! धूल देखने आ रही है वो!"

"देखने को है ना," चाचा घाईघाईने म्हणाले. त्यांनी कोपऱ्यातून एक गोणपाटाची थैली ओढत आणली, तोंड बांधलेली. "सब इसमें है. एक चुटकी नहीं फेंकी. मेरे को मालूम है तेरे काम की चीज है."

मी त्या चादरीच्या खुर्चीवर बसले. रडावं की हसावं ते समजेना. कामगार एकमेकांकडे बघत होते. आदल्या दिवशीची सुट्टी सोडून, सकाळपासून अंधार पडेपर्यंत ही माणसं माझ्यासाठी वाशांवर चढली होती, आणि मी त्यांच्यावर ओरडत होते. पण माझी जागा माझ्या डोळ्यांदेखत धुऊन निघाली होती, हेही खरंच होतं.

मावशी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाय, रडू नको. पिशवी हाय न्हवं? परत उडवू का? वाईच उडवली त जाईल सगल्यांव बसून."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला तो विचार आवडला. थैली सोडायची, लूम सुरू करायचे, सगळं पुन्हा होतं तसं. पण मुठीने उडवलेली धूळ मोजून मी कुणाला काय सांगणार होते? मी नको म्हणाले. इतक्यात गल्लीच्या तोंडाशी टॅक्सीचा हॉर्न वाजला आणि बंद झाला, कारण पुढे टॅक्सी येऊच शकत नव्हती.

प्राध्यापिका चालत आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, पायांत जाड तळव्यांचे बूट, खांद्याला फुगलेली पिशवी. हसणं बेताचं. चाचांनी हार घातला, तो त्यांनी नीट सरळ करून घेतला. सरबताचा ग्लास घेतला, एका दमात संपवला. मग वर वाशांकडे पाहिलं, खाली जमिनीकडे पाहिलं, आणि माझ्याकडे वळून इंग्रजीत विचारलं, "धूळ कुठे आहे?"

मी थैलीकडे बोट दाखवलं. "यात. तुम्ही येणार म्हणून काल सगळ्यांनी कारखाना धुतला. मी नको म्हणून सांगितलं होतं."

त्यांनी वाकून थैलीचं तोंड सोडलं, आत डोकावून पाहिलं, आणि अशी शिंक दिली की रांगेतला एक जण दचकून मागे सरला. मग त्यांनी रुमालाने नाक पुसलं. "चांगली धूळ आहे," त्या म्हणाल्या. "आता लूम सुरू करायला सांग."

लूम सुरू झाले. त्या आवाजात माझं बोलणं मलाच ऐकू येईना. बाई मात्र सरळ कोपऱ्यात गेल्या, मावशीसमोर उभ्या राहिल्या आणि तिच्याशी बोलू लागल्या. आवाज न काढता. ओठ मोठे मोठे हलवत, भुवया उडवत, हातांनी खुणा करत. त्यांची आई विणकर होती, तिचा सगळा जन्म कापड गिरण्यांच्या गावात गेला होता, आणि लुमांच्या गोंगाटात बायका कशा बोलतात ते त्या लहानपणीच शिकल्या होत्या, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. मावशीला यात नवल काहीच वाटलं नाही. लुमांवर सगळे असेच बोलतात. तिने पाळणा हलवल्यासारखे हात करून विचारलं, मुलंबाळं? बाईंनी नाही म्हणून मान हलवली. मावशीने हनुवटीला हात लावून हळहळ केली. बाईंनी हात झटकून दाखवलं, काही अडलं नाही. दोघी हसल्या. दोन्ही भाषा येणारी मी मध्ये उभी होते आणि मला त्यातलं निम्मंही कळत नव्हतं. इतकी गंमत वाटली मला की थोडा वेळ मी जागेचं विसरूनच गेले.

पण काम होतंच. पंप लावला. दुपारी गाळणकागद काढून पाहिला तर जवळजवळ कोरा. एरवी शनिवारी तो राखाडी व्हायचा. मग फुंकणीची पाळी. आज बेटीची परीक्षा आहे, ही बातमी कारखानाभर पसरलेली होती, त्यामुळे एकेक जण दंड थोपटून यावा तसा आला. "जोर से!" चाचा ओरडायचे, "और जोर से, लड़की पास होनी चाहिए!" कुणाचे गाल फुगले, कुणाचे डोळे बाहेर आले, काटा वर वर गेला. मावशीने तर फुंकून झाल्यावर भिंतीचा आधार घेतला. शनिवारी इतके चांगले आकडे मी कधीच पाहिले नव्हते.

जेवणाच्या सुट्टीला लूम थांबले. बाईंनी माझ्या प्रबंधातला तक्ता पिशवीतून काढला, आजचे आकडे त्याच्याशेजारी मांडले आणि म्हणाल्या, "तुझा प्रबंध सांगतो की शनिवारी या लोकांचा श्वास घटतो. आज घटलेला नाही. का?"

सगळे आमच्याकडे बघत होते. भाषा कळत नसली तरी प्रश्न मोठा आहे हे त्यांना कळलं होतं. चाचा मला हातांनी खुणावत होते, बोल, बोल.

उत्तर माझ्या जिभेवर होतं आणि ते फार सुरेख होतं. धूळ धुतली, श्वास सुधारला. म्हणजे दोष धुळीचाच. म्हणजे माझा प्रबंध बरोबर. इतकं म्हटलं असतं तर कदाचित भागलंही असतं. पण समोर घामाघूम होऊन उभी असलेली ती मंडळी मला दिसत होती, आणि ते वाक्य माझ्याच्याने बोलवेना.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "धूळ नव्हती म्हणून असेल. नाहीतर त्यांना मला पास करायचंय, म्हणून त्यांनी जीव तोडून फुंकलं असेल. दोन्ही एकाच दिवशी झालं. आजच्या आकड्यांतून ते वेगळं काढता येणार नाही."

"मग कसं काढशील?"

तिथे मात्र माझी कळ दाबली गेली. मी उठूनच उभी राहिले. चाचांचा दुसरा कारखाना आहे पलीकडच्या गल्लीत, मी म्हणाले. एक धुवायचा, एक तसाच ठेवायचा. काही आठवड्यांनी उलट करायचं. फुंकणी आधीपासून रोज करायची, म्हणजे तिचं अप्रूप जाईल, परीक्षा वगैरे कुणाच्या डोक्यात राहणार नाही. धुण्याच्या ओलीने सूत तुटतं का तेही बघायचं, कारण सूत तुटत असेल तर कुणी धुणार नाही. ओल्या फडक्याने पुसून भागतं की पाणीच लागतं, तेही बघायचं. आणि पावसाळ्यात हवाच दमट, तेव्हाचं वेगळं मोजायचं. मी हातवारे करत, लुमांच्या मधल्या बोळातून येरझारा घालत बोलत होते. भीती कुठे पळाली कोण जाणे. मला इतका आनंद होत होता की कुणी अडवलं नसतं तर संध्याकाळपर्यंत बोलले असते.

बाईंनी मला अडवलं. "कधी सुरू करू शकशील?"

"काय?"

"हेच, तू आत्ता सांगितलंस ते. पहिले काही महिने माझ्या प्रयोगशाळेत ये, धुळीत नेमकं काय असतं ते तपासायला शिक. उरलेलं सगळं इथे कर. आमच्याकडच्या गिरण्या बंद पडत चालल्यात. धूळ आता इकडे आहे." मग त्यांनी तक्ता घडी घालून पिशवीत ठेवला. "बाकीच्या अर्जदारांनाही मी असाच एकेक अडचणीचा प्रश्न विचारला. माहीत नाही, असं म्हणणारी तूच. ज्याला सगळं माहीत आहे त्याला मी पगार कशाला देऊ?"

मी परत त्या चादरीच्या खुर्चीवर जाऊन बसले. तेवढ्यात वडील दारात आले, कोट घालून, पुरणपोळ्या निवतायत असं सांगायला. माझा चेहरा पाहून त्यांना वाटलं, गेली जागा. मी म्हणाले, "बाबा, मिळाली." ते एकदम ताठ झाले. त्यांनी बाईंना नमस्कार केला आणि पहिला प्रश्न विचारला, "रिटन ऑर्डर कधी निघेल?"

बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "आमच्यासाठी जन्मभर प्रार्थना करणार आहेत ते तुम्हीच का?"

"होय," वडील म्हणाले, आणि माझ्याकडे असं पाहिलं की बघ, ते वाक्य वाया गेलं नाही.

"पास?" चाचांनी विचारलं.

"पास, चाचा!"

मग काय विचारता! टाळ्या, शिट्ट्या, चाचींनी पडद्याआडून कानशिलावर बोटं मोडून माझी दृष्ट काढली, उरलेलं सरबत पुन्हा फिरलं. मी सकाळी ओरडले होते त्याबद्दल चाचांचा हात धरला, तर ते म्हणाले, "जाने दे. पहले ये बता, थैली का क्या करूँ? वापस फैला दूँ?" सगळे पोट धरून हसले. मीही.

गलबला ओसरल्यावर मावशी माझ्याजवळ आली. गजरा एका बाजूला कलला होता. "बाय," ती म्हणाली, "ही तुजी बाई रोज येल का?"

"का गं, मावशी?"

"आज माजी छाती न्हाय आवलली. शनवार असून न्हाय. पार सकालपासून मी वाट बगतंय, आता आवलल, मंग आवलल. न्हाय आवलली." तिने लुगड्याच्या पदराने तोंड पुसलं. "रोज आली त बरा होईल. ती येनार म्हनून त धुतला."

मी हसायला गेले आणि हसू अर्ध्यातच राहिलं. इतकी वर्षं मी या कारखान्यात मोजत होते. धुवा, असं म्हणायचं मला एकदाही सुचलं नव्हतं, आणि इतरही कुणाला सुचलं नव्हतं. बाईंनी विचारलं, ती काय म्हणते? मी शब्दाला शब्द सांगितलं. त्यांनी ऐकलं, मावशीकडे पाहिलं, आणि मला म्हणाल्या, "तिला सांग, मी येणार नाही. तू येशील."

मी सांगितलं, "मावशी, ती नाही, मी येणार रोज."

मावशीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू त घरचीच. तुज्यासाठी कोन धुनार?"

पुन्हा सगळे हसले, चाचाही हसले. मी त्यांच्याकडे वळले. "चाचा, सुना आपने? धोना पड़ेगा."

"हाँ हाँ, धो देंगे," चाचा म्हणाले, तेच गुरुवारचं हसू हसत. "ईद पे धो देंगे."

"रोज."

"रोज!" त्यांनी कानाला हात लावला. "रोज तो शादीवाले घर में भी नहीं धोते, बेटी. महीने में एक बार."

"रोज, चाचा. लूम चालू करने से पहले."

"लूम रुकेगा तो तू चलाएगी? अच्छा चल, तेरी खातिर, जुम्मे के जुम्मे."

"जुम्मे को तो कोई रहताच नहीं अंदर! रोज."

"हफ्ते में दो बार. बस, अब कुछ मत बोल."

मी बोलले. चाचा बोलले. मावशीही मध्ये पडली, रांगेतले दोघे-तिघे पुढे सरकले, वडील पुरणपोळ्यांचं पुन्हा सांगून पाहत होते. बाईंनी माझ्या बाहीला धरून ओढलं आणि विचारलं, एवढं काय चाललंय?

"काही नाही," मी त्यांना म्हणाले. "काम सुरू झालं."